बकासुर आणि गाडा

महाभारतांतील बकासुराची कथा आमच्या घराघरांतून मुलांना सांगितली जाते, ती मुख्यतः भीमाच्या आहाराची मौज म्हणून. गाडाभर अन्न घेऊन गेलेला भीम राक्षसाच्या देखत तें स्वस्थपणें संपवितो, पाठीवर पडणाऱ्या बुक्क्यांकडे ढुंकूनही पाहत नाहीं, आणि अखेर हात धुऊन राक्षसाचा समाचार घेतो, एवढें ऐकून मुलें हंसतात व कथा संपते. परंतु आदिपर्वांतील तो भाग मोठेपणीं पुन्हां वाचला असतां त्यांत हंसण्याजोगें फारच थोडें आहे असें दिसून येतें. एकचक्रा नगरीचे लोक बकासुरास जें देत होते तें केवळ भीतीपोटीं दिलेलें भक्ष्य नव्हतें. तें वेतन होतें. परचक्रापासून तो त्या प्रदेशाचें रक्षण करी, आणि त्याच्या मोबदल्यांत गाडाभर भात, दोन रेडे व तें सर्व घेऊन जाणारा मनुष्य प्रत्येक घरानें पाळीपाळीनें पुरवावा, असा तो ठराव होता. जवळच वेत्रकीयगृहांत राहणाऱ्या राजाच्या हातून प्रजेचें रक्षण होत नव्हतें. आणि ज्या ब्राह्मणाच्या घरीं पांडव उतरले होते तो आपलें दुःख सांगतांना म्हणतो कीं, दुसरा मनुष्य विकत घेऊन पाठवावा तर तेवढें द्रव्य आपणापाशीं नाहीं. याचा अर्थ उघड आहे. ज्यांच्यापाशीं द्रव्य होतें त्यांच्या घरची पाळी दुसऱ्याच कोणाच्या तरी लेकरावर जात असली पाहिजे.

रक्षणाच्या नांवानें चाललेलें वेतन, डोळे मिटून बसलेला राजा आणि गरिबाच्या दारीं ढकललेली पाळी, या तीन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे जी व्यवस्था उभी राहते, तिचा एक अर्वाचीन इतिहास आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों. कोंवळ्या वयाच्या मुलींचा देहविक्रयासाठीं होणारा व्यापार हा तो विषय होय. चार माणसांत वाचावयाच्या मासिकांत असा विषय यावा काय, अशी शंका कांहीं वाचकांच्या मनांत येईल, आणि ती अगदींच अनाठायीं आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु या इतिहासाचा पहिला धडाच असा आहे कीं, सभ्य घरांनीं हा विषय उंबरठ्याबाहेर ठेवला, म्हणूनच तो व्यापार इतका काळ निर्वेधपणें चालला. वर्णनाच्या मागें न लागतां हा व्यवहार कोणाच्या बळावर चालतो, एवढेंच आम्हांस पाहावयाचें आहे.

प्रथम लंडन शहराकडे वळूं. इंग्लंडच्या कायद्यांत मुलीच्या संमतीचें वय तेराव्या शतकापासून बारा वर्षें होतें. १८७५ सालीं तें तेरा झालें. ज्या देशाचें राज्य तेव्हां पृथ्वीच्या सर्व खंडांत पसरलें होतें, त्याच देशांत तेरा वर्षांची मुलगी कायद्याच्या दृष्टीनें आपलें हित समजण्याइतकी प्रौढ मानली जात होती. १८८० सालीं आल्फ्रेड डायर या क्वेकर पंथाच्या प्रकाशकानें एक पुस्तिका काढून, इंग्लंडांतील मुली नोकरीच्या आमिषानें ब्रसेल्स येथें नेऊन तेथील परवानाप्राप्त कुंटणखान्यांत डांबल्या जातात, ही गोष्ट चव्हाट्यावर आणली. तेथील नियमाप्रमाणें अल्पवयीन मुलींची नोंद होऊं शकत नसे, म्हणून दलाल दुसऱ्याच वयस्क स्त्रियांच्या जन्माचे दाखले मिळवून ते या मुलींच्या नांवावर खपवीत. पुढें सरदारांच्या सभेनें १८८१ व १८८२ या सालीं चौकशी केली, तक्रारी खऱ्या ठरल्या, आणि संमतिवय वाढविणारें विधेयक तयार झालें. सरदारांच्या सभेंत तें १८८३ पासून तीनदां संमत झालें, आणि तिन्ही वेळां लोकसभेंत अडून राहिलें. २२ मे १८८५ रोजीं तर एका सभासदानें वेळ संपेपर्यंत भाषण लांबवून त्याची चर्चाच बुडविली.

विधेयकाच्या विरोधकांचें म्हणणें काय होतें, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. मुलींचा छळ होत नाहीं असें कोणी फारसें म्हणत नव्हतें. वय वाढविलें तर धूर्त मुली खोटें वय सांगून सभ्य घरच्या तरुणांस फसवतील आणि मग खटल्याचा धाक घालून त्यांच्यापासून पैसे उकळतील, अशी ती भीति होती. म्हणजे संरक्षणाच्या कायद्याचा विचार करतांनाही या लोकांच्या डोळ्यांसमोर कोण होतें, तर ग्राहक. त्याच महिन्यांतील एक खटलाही असाच बोलका आहे. जेफ्रीज नांवाची एक बाई लंडनांत बड्या लोकांसाठीं कुंटणखाने चालवीत असे. १८८५ च्या मे महिन्यांत तिच्यावर खटला उभा राहिला. न्यायालयांत साक्षी होतील आणि गिऱ्हाइकांचीं नांवें बाहेर पडतील, अशी सर्वांची अपेक्षा होती. परंतु बाईनें आयत्या वेळीं गुन्हा कबूल केला. गुन्हा कबूल झाल्यावर साक्षीपुराव्याचें कारणच उरलें नाहीं. दोनशें पौंड दंड झाला, चांगल्या वर्तणुकीचा जामीन घेतला गेला, आणि नांवें होतीं तेथेंच राहिलीं. दंड बाईनें भरला. झांकलीं गेलीं तीं मात्र दुसऱ्यांचीं तोंडें.

अशा वेळीं ‘पॅल मॅल गॅझेट’ या सायंदैनिकाचा संपादक विल्यम टॉमस स्टेड याच्याकडे या चळवळींतील मंडळी गेली. त्यानें कांहीं आठवडे गुप्तपणें चौकशी केली. पोलिस अधिकारी, धर्मोपदेशक, कुंटिणी, दलाल, फसलेल्या मुली या सर्वांना तो भेटला. आणि ६ जुलै १८८५ पासून त्यानें अर्वाचीन बाबिलोनच्या कुमारी-खंडणीविषयीं आपली लेखमाला छापावयास सुरुवात केली. त्याचें रूपक ग्रीक पुराणांतील होतें. अथेन्स नगरीला ठराविक वर्षांनीं सात कुमार व सात कुमारिका क्रीट बेटावरील मिनोटॉर या नरवृषभाकडे भक्ष्य म्हणून पाठवाव्या लागत. स्टेडनें म्हटलें कीं, लंडनचा नरवृषभ याहून अधिक खादाड आहे. त्याला दररोज रात्रीं बळी लागतो. ही ग्रीकांची कथा आमच्या बकासुराच्या कथेची सख्खी बहीण आहे, हें निराळें सांगावयास नको.

लेखमालेचा परिणाम विलक्षण झाला. रेल्वे स्टेशनांवरील पुस्तकविक्रीचा मक्ता ज्या मोठ्या पेढीकडे होता, तिनें तो अंक विकण्याचें नाकारलें. तरी लोक कचेरीच्या दारांत गर्दी करून अंक मिळवूं लागले. मुक्तिफौजेनें अवघ्या सतरा दिवसांत तीन लक्ष त्र्याण्णव हजार सह्यांचा अर्ज पार्लमेंटकडे नेला. कँटरबरीचे मुख्य धर्माधिकारी, कार्डिनल मॅनिंग आदि प्रतिष्ठितांच्या समितीनें पुरावा तपासून लेखांतील मजकूर मुख्यतः खरा असल्याचा निर्वाळा दिला. वर्षानुवर्षें रखडलेलें विधेयक पांच आठवड्यांत संमत झालें. १४ ऑगस्ट १८८५ रोजीं त्याला राणीची संमति मिळाली, आणि संमतीचें वय सोळा झालें. वृत्तपत्राच्या बळावर एवढ्या त्वरेनें झालेला कायदा त्या शतकांत क्वचितच सांपडेल.

परंतु या यशाला एक काळी किनार आहे आणि ती लपविणें इतिहासलेखकास शोभणार नाहीं. लंडनांत मूल विकत मिळतें हें सिद्ध करण्यासाठीं स्टेडनें स्वतःच एक मूल विकत घेतलें. रिबेका जॅरेट या, पूर्वी कुंटणखाना चालविणाऱ्या व नंतर पश्चात्ताप पावलेल्या बाईच्या मार्फत, ३ जून १८८५ रोजीं, एका धुराडें साफ करणाऱ्याची तेरा वर्षांची मुलगी पांच पौंडांच्या सौद्यानें मिळविण्यांत आली. तिचें नांव इंग्लंडच्या इतिहासग्रंथांत प्रसिद्ध आहे. आम्ही तें येथें जाणूनबुजून लिहीत नाहीं. तिला एका सुइणीकडे नेऊन तपासविलें, गुंगीचें औषध हुंगविलें, एका रात्रीसाठीं तसल्या घरांत ठेवलें, आणि मग सुरक्षितपणें फ्रान्सला पोंचविलें. तिला कोणीं अपाय करूं नये अशी व्यवस्था होती हें खरें. पण तें त्या मुलीला कोण सांगणार? एका सत्कार्याच्या सिद्धीसाठीं तिला पुन्हां साधनच व्हावें लागलें. हेतु शुद्ध असला म्हणजे लहान मुलाच्या भयाची भरपाई होते, असें आम्हांस वाटत नाहीं.

आईनें मुलगी परत मागितली, प्रतिस्पर्धी पत्रांनीं तें प्रकरण उचललें, आणि शरदृतूंत स्टेड व त्याचे सहकारी आरोपीच्या पिंजऱ्यांत उभे राहिले. खटल्याचा निकाल ज्या मुद्द्यावर फिरला तो मुद्दा असा: मुलीच्या बापाची परवानगी घेतली होती काय? ती घेतली नव्हती; सबब बापाच्या ताब्यांतून मुलगी पळविल्याचा गुन्हा शाबीत झाला. स्टेडला तीन महिन्यांची कैद झाली. जॅरेट आणि सुईण या दोघी स्त्रियांना सहा सहा महिन्यांची. सुईण तुरुंगांतच मरण पावली. पुढें स्टेड दर वर्षीं १० नोव्हेंबरला आपला कैद्याचा पोशाख अभिमानानें अंगावर घालीत असे. १९१२ सालीं ‘टायटॅनिक’ जहाजाबरोबर त्याचा अंत झाला. या खटल्यांत मुलगी ही बापाच्या मालकीची वस्तु म्हणून न्यायासनापुढें आली; आणि एवढ्या मोठ्या बाजारांतून खरेदीदार म्हणून तुरुंगांत गेला तो एकच मनुष्य, ज्यानें बाजार उघडकीस आणण्यासाठीं खरेदी केली होती.

हा भाग आम्ही एकदां वर्गांत शिकवीत असतां मागच्या बांकावरील एका विद्यार्थिनीनें उभें राहून विचारलें, “सर, आईचें नांव आलें, दलालिणीचें आलें, सुइणीचें आलें, संपादकाचेंही आलें. पण ज्यांच्यासाठीं हा बाजार भरत होता, त्यांपैकीं एकाचें तरी नांव तुम्हीं सांगितलेंत काय?” आम्ही तीस वर्षें हा विषय शिकवीत आलों होतों, आणि हा प्रश्न आम्हांला स्वतःला कधींच पडला नव्हता. त्या दिवशीं तास संपल्याची घंटा झाली ती आम्हांस मोठ्या उपकारासारखी वाटली. खरी गोष्ट अशी आहे कीं, स्टेडनेंही तीं नांवें छापलीं नाहींत. कांहीं वजनदार गृहस्थांस विश्वासांत घेऊन सांगण्याची तयारी त्यानें दाखविली, एवढेंच.

आणि कायद्यानें तरी काय केलें? तेरा वर्षांखालील मुलीवरील अत्याचारास जबर शिक्षा ठेवली, हें चांगलें झालें. परंतु तेरा ते सोळा या वयाच्या मुलीबाबत आरोपीला दोन पळवाटा ठेवल्या. मुलगी सोळा वर्षांची आहे असें समजण्यास आपणास सबळ कारण होतें, असें त्यानें दाखविलें कीं तो सुटला. आणि गुन्हा घडल्यापासून तीन महिन्यांच्या आंत फिर्याद झाली नाहीं तर प्रकरण कायमचें मिटलें. भेदरलेली, निराधार, परक्या घरांत कोंडलेली मुलगी तीन महिन्यांत न्यायालयापर्यंत कशी पोंचावी, याचा विचार कोणीं केला नाहीं. उलट कुंटणखाने बंद करण्याचे वाढीव अधिकार पोलिसांना मिळाले आणि त्या जोरावर पुढील वर्षांत पुष्कळ गरीब स्त्रिया रस्त्यावर काढल्या गेल्या. त्याच कायद्यांत आयत्या वेळीं घुसविलेल्या एका कलमानें पुरुषापुरुषांतील संबंध दंडनीय झाले, आणि त्याखालीं १८९५ सालीं ऑस्कर वाइल्ड तुरुंगांत गेला. अशा रीतीनें मुलींच्या रक्षणासाठीं पेटविलेला वणवा ज्यांच्या घरांवर गेला, तीं घरें बहुधा दुसऱ्यांचीं होतीं.

हा दृष्टिदोष ओळखणारी एक स्त्री त्या काळीं इंग्लंडांत होती. तिचें नांव जोसेफिन बटलर. सैनिकांस गुप्तरोगांपासून वांचविण्यासाठीं १८६४, १८६६ व १८६९ सालीं जे कायदे झाले, त्यांअन्वयें छावण्यांच्या गांवीं कोणत्याही संशयित स्त्रीला पकडून तिची सक्तीनें वैद्यकीय तपासणी करतां येई. पुरुषाची तपासणी नव्हती. १८७१ सालच्या राजनियुक्त आयोगानें याचें कारणही दिलें. स्त्री हें कृत्य पैशासाठीं करते आणि पुरुष स्वाभाविक प्रेरणेनें करतो, तेव्हां दोघांस एका मापानें मोजतां येत नाहीं, असा त्याचा आशय होता. बटलरबाईंनीं सोळा वर्षें झगडून १८८६ सालीं ते कायदे रद्द करविले. त्यांचा मुख्य आक्षेप हाच होता कीं, एकाच व्यवहारांतील एक पक्ष सरकार पकडतें, तपासतें, नोंदवितें, आणि दुसऱ्या पक्षासाठीं माल निर्दोष राखतें. पुरुषाची मागणी ही पाऊसपाण्यासारखी निसर्गसिद्ध मानली कीं मग तिच्या सोयीसाठीं स्त्रियांचा एक वर्ग राखून ठेवणें ओघानेंच येतें.

हिंदुस्थानांत तर ही सोय सरकारनें स्वतःच पाहिली. येथील पलटणींच्या बाजारांतून सैनिकांसाठीं स्त्रिया ठेवल्या जात. १८६८ सालीं त्यांच्या नोंदणीचा व तपासणीचा कायदा झाला. १८८६ सालीं सरसेनापतींच्या मुख्य कचेरींतून एक परिपत्रक निघालें. पलटणीच्या बाजारांत स्त्रियांची संख्या पुरेशी असावी आणि त्या पुरेशा आकर्षक असाव्या, अशी त्यांत सूचना होती. परिपत्रकाची भाषा रसदखात्याची आहे. तांदूळ, दाणा, वैरण यांच्या यादींत बसावी अशी. वर ज्याचा उल्लेख आला त्याच डायर यांनीं १८८८ सालीं तें उजेडांत आणलें, लोकसभेनें निषेध केला, आणि तो कायदा रद्द झाला. तरी १८९१-९२ च्या सुमारास एलिझाबेथ अँड्र्यू आणि डॉक्टर केट बुशनेल या दोन अमेरिकन स्त्रियांनीं छावण्या हिंडून पाहिल्या तों जुनाच प्रकार नव्या नांवानें चालू होता. सेनापति लॉर्ड रॉबर्ट्स यांनीं आधीं इन्कार केला, आणि १८९३ सालीं आपली चूक कबूल करून क्षमा मागितली. एकचक्रेच्या ठरावाची येथें पूर्ण आवृत्ति दिसते. परचक्रापासून रक्षण करणाऱ्याचें तें वेतन होतें, आणि तें ज्यांच्या घरांतून वसूल होई तीं घरें गरिबांचीं होतीं.

आमच्या कायद्यांत उणीव होती असेंही म्हणतां येत नाहीं. १८६० सालच्या दंडसंहितेंत कलम ३७२ विकणाऱ्यासाठीं आणि कलम ३७३ विकत वा भाड्यानें घेणाऱ्यासाठीं होतें. दोघांसही दहा वर्षांपर्यंत शिक्षा सांगितली होती. शब्द व्यापक होते. परंतु पुढें त्या कलमाला जोडलेलें स्पष्टीकरण पाहावें. अल्पवयीन मुलगी एखाद्या वेश्येच्या किंवा कुंटणखाना चालविणाऱ्याच्या ताब्यांत सांपडली, तर त्यांचा हेतु वाईट होता असें कायदा गृहीत धरी. तासाभरासाठीं येऊन जाणाऱ्याविषयीं असें कांहीं गृहीत धरलें नव्हतें. १९२३ सालीं मुंबई इलाख्यांत वेश्याव्यवसायाला आळा घालणारा स्वतंत्र कायदा झाला. त्यांत रस्त्यावर उभें राहून गिऱ्हाइकास बोलावणाऱ्या स्त्रीला शिक्षा होती, तिच्या कमाईवर जगणाऱ्या पुरुषास होती. बोलावणें ऐकून जिना चढणाऱ्यास नव्हती. १९३४ सालच्या मुंबईच्या देवदासी कायद्यानें मुलगी देवाला वाहण्याचा विधि करणारे व त्यांत भाग घेणारे दंडनीय ठरविले. विठ्ठल रामजी शिंदे यांच्यासारख्यांनीं खंडोबाला मुरळी सोडण्याच्या चालीविरुद्ध त्याआधीं कित्येक वर्षें आवाज उठविला होता, त्याचें श्रेय मोठें आहे. परंतु आईबाप अज्ञानानें मुलगी देवाला वाहत, आणि ती देवापाशीं न राहतां ज्या प्रतिष्ठितांच्या दारीं जाई, ते मात्र त्या कायद्याच्या भाषेंत कोठेंच नव्हते.

येथें एक आक्षेप घेतला जातो, आणि तो विचारवंतांकडून घेतला जातो म्हणून त्याचा परामर्ष घेणें अवश्य आहे. या सर्वाचें मूळ दारिद्र्य आहे, तें नाहींसें करा म्हणजे व्यापार आपोआप थांबेल, असें म्हणतात. दारिद्र्य हें मोठें कारण आहे यांत शंका नाहीं. परंतु दारिद्र्यानें फार तर एवढेंच समजतें कीं कोणाची मुलगी विकली जाईल. मुलीला किंमत कां येते हें त्यानें समजत नाहीं. दुष्काळांत लोक भांडीं विकतात, गुरें विकतात, कारण तीं घेणारा कोणी तरी असतो. ज्या वस्तूला घेणारा नाहीं ती कितीही गरीब मनुष्य विकूं शकत नाहीं. लिलावांत बोली बोलणारा नसेल तर हातोडा पडत नाहीं, ही गोष्ट कोणत्याही पेठेंतील व्यापारी आम्हां प्राध्यापकांपेक्षां अधिक चांगली जाणतो.

दुसरें असें सांगतात कीं ही मागणी नैसर्गिक आहे, ती कायद्यानें कशी हटणार? इतिहास याच्या अगदीं उलट साक्ष देतो. कोंवळ्या मुलीच्या सहवासानें गुप्तरोग बरा होतो, अशी एक क्रूर समजूत एकोणिसाव्या शतकांतील इंग्लंडांतही होती आणि आमच्याकडेही होती. पुढें एड्सच्या सांथींत, लहान मुलगी म्हणजे रोगाची भीति नाहीं, या समजुतीनें तेंच रूप पुन्हां धारण केलें. म्हणजे लहानांना मिळणारी जादा किंमत निसर्गानें ठरविलेली नव्हती. ती भ्रमानें आणि शिक्षा होणार नाहीं या खात्रीनें ठरविली होती. जें भ्रमानें व खात्रीनें वाढतें, तें ज्ञानानें व धाकानें कमी होऊं शकतें. मागणीला निसर्ग म्हणणें ही तिची सर्वांत जुनी वकिली आहे.

या बाबतींत जगाची समजूत सावकाश पालटत आहे, हें नमूद केलें पाहिजे. १९०४ आणि १९१० सालचे आंतरराष्ट्रीय करार ‘गोऱ्या गुलामां’च्या व्यापाराविषयीं बोलत, १९२१ सालीं राष्ट्रसंघाच्या करारांत रंग गेला आणि स्त्रिया व मुलें असे शब्द आले. २००० सालच्या पालेर्मो येथील करारनाम्यांत तर शोषणाला खतपाणी घालणारी मागणीच खच्ची करण्याची जबाबदारी राष्ट्रांवर टाकली आहे; भारतानें त्याला २०११ सालीं मान्यता दिली. २०१२ च्या बाललैंगिक अपराधविरोधी कायद्यानें अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ति, मुलगा असो वा मुलगी, बालक ठरविली. तिची संमति आतां कोणाच्या बचावाला येत नाहीं, आणि पैसे देऊन आलेला मनुष्य हा गिऱ्हाईक नसून गुन्हेगार ठरतो. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडसंहितेची जागा भारतीय न्याय संहितेनें घेतली, तिच्यांतही पळवून आणलेल्या बालकाचा असा उपभोग घेणाऱ्यास स्वतंत्र शिक्षा आहे. जोसेफिन बटलर यांना जें पाहावयास मिळालें नाहीं, तें निदान कागदावर आज उतरलें आहे.

परंतु कागद आणि रूढि यांत अंतर आहे. १९९६ सालच्या फेब्रुवारींत मुंबईच्या वेश्यावस्तींत मोठे छापे पडले आणि शेंकडों मुली व स्त्रिया सोडविण्यांत आल्या. त्यांत नेपाळांतून आणलेल्या पुष्कळ होत्या. सुटका झाल्यावर त्यांना महिनोगणती सरकारी गृहांतून कोंडून राहावें लागलें, कारण त्यांना परत न्यावयास कोणी चटकन पुढें येईना. ज्यांच्यावर अन्याय झाला त्याच पुन्हां कुलुपाआड गेल्या. आणि आतां तर बाजाराला गल्लीही लागत नाहीं. तो हातांत मावणाऱ्या यंत्रांत शिरला आहे, आणि एका खंडांतील मुलाचा छळ दुसऱ्या खंडांतील मनुष्य घरबसल्या पैसे देऊन पाहूं शकतो. जिना चढण्याची लाज होती, तीही उरली नाहीं. अशा वेळीं कायद्यापेक्षांही घरांतील भाषा महत्त्वाची ठरते. मुलीनें संध्याकाळीं कोठें जाऊं नये, हें आमच्या प्रत्येक घरांत सांगितलें जातें. मुलानें कोठें जाऊं नये, काय पाहूं नये, मित्रमंडळींत कोणत्या गोष्टीवर हंसूं नये, हें किती घरांत स्पष्ट शब्दांत सांगितलें जातें? गिऱ्हाईक आकाशांतून पडत नाहीं. तो कोणाचा तरी मुलगा, भाऊ, नवरा असतो, आणि जेफ्रीजबाईंच्या खटल्याप्रमाणेंच त्याचें नांव झांकण्यासाठीं आपण सर्व मिळून गुन्हा दुसऱ्याच्या पदरांत घालतों.

बकासुराच्या कथेंत एक गोष्ट अशी आहे कीं जिच्याकडे लहानपणीं आमचें लक्ष गेलें नव्हतें. त्या दिवशींची पाळी कुंतीच्या घरची नव्हतीच. ती पाहुणी होती. शेजाऱ्याच्या घरांतील रडणें ऐकून तिला दार लावून घेतां आलें असतें. तिनें दाराशीं जाऊन विचारलें, कारण ऐकून घेतलें, आणि आपला मुलगा पाठविला. तो भीम गाड्याची तपासणी करण्यास गेला नाहीं, कीं पाळी आलेल्या ब्राह्मणास दोष देण्यास गेला नाहीं. तो थेट अरण्यांत, खाणाऱ्याकडे गेला. एकचक्रेंतील पाळ्या त्या दिवसानंतर बंद झाल्या. आमच्या विद्यार्थिनीला त्या दिवशीं जें उत्तर देतां आलें नाहीं तें हेंच होतें: आम्हीं इतकीं वर्षें गाडेच मोजले, आणि अरण्याची वाट आम्हांस ठाऊक नाहीं असें समजत राहिलों.